हौसाचं पोट वाढलं

हौसाचे दोन्ही हात खाटेच्या गजाला फडक्याने बांधले होते. तोंडातून हिरवं पाणी येत होतं आणि ते पुसायला तिला हात नव्हता. डॉक्टर पायथ्याशी उभे राहून मला म्हणाले, "बाई, हिला घरी न्या. ही तपासू देत नाही. काय होतंय ते सांगत नाही. नर्सला चावली. वेड्यांसाठी वेगळं इस्पितळ असतं, इथल्या खाटा आजारी माणसांसाठी आहेत."

मी म्हटलं, "आजारीच हाय ती."

"कशावरून म्हणता?"

माझं नर्सला सांगून झालं होतं, त्याहून वेगळं मला सांगता येईना. शेजारच्या खाटेवर एक गोरी बाई उशीला टेकून मोसंब्याचा रस पीत होती. आम्ही आलो त्याच दिवशी ती आली होती. तिने डॉक्टरांना सगळं नीट सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं पोट कापून झालंसुद्धा. मी तिच्याकडे बघितलं. त्या घटकेला मला रडू आलं नाही. हेवा वाटला. तिच्या रसाचा नाही, तिच्या जिभेचा.

आधीचं सांगते

हौसा माझी मोठी बहीण. मोठी असूनही तिला अक्का कुणी म्हटलं नाही, मीही नाही. तिची समज तीन-चार वर्षांच्या पोराएवढीच राहिली आणि अंग मात्र बाईचं झालं. गाव तिला खुळी म्हणायचं. घरात आम्हीही तेच म्हणायचो, त्यात काही वाईट आहे असं तेव्हा कुणाला वाटत नव्हतं. आमचं माहेर लोधिवलीजवळ. वडील लवकर गेले. घरात आई, मोठा भाऊ दादा, हौसा आणि मी.

मला समज आली तेव्हापासून मी हौसाचा हेवा केला. दुधावरची साय तिला. पावसाळ्यात घरातली कोरडी जागा तिला. आई तिच्या केसांतून बोटं फिरवत बसायची आणि मला म्हणायची, "गंगू, शेण उचल." मला चौथीपर्यंत शाळेत घातलं. लोक म्हणत, बघा, धाकटीचं किती कौतुक. कौतुक नव्हतं. दोघींपैकी एकीवर तरी नजर ठेवायला नको, म्हणून मला शाळेत पाठवत.

हौसाचं लग्नही लावून दिलं होतं. महिन्याच्या आत सासरच्यांनी तिला आणून ओट्यावर बसवलं आणि पाणीही न पिता परत गेले. मग माझं झालं. दहिवलीत दिलं. आमचे हे कर्जत स्टेशनात रुळांचे सांधे ओढायच्या कामावर होते. माणूस चांगला. पण मला मूल होईना. दर महिन्याला मी बाहेर बसले की सासू भांडी आपटायची. सारी आळी त्या आवाजावरून ओळखायची की याही महिन्यात काही नाही. नऊ वर्षं अशी गेली. या नऊ वर्षांत मी ज्या ज्या बाईच्या पोटाकडे बघितलं, तिला ते बोचलं असणार. मी बघायचं सोडलं नाही.

दादाचा निरोप

लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळायचं नाही म्हणून दिवेलागणीआधी जेवणं उरकत. दादा दुपारीच आला. पाणीसुद्धा मागितलं नाही. मला परसात नेलं आणि खाली बघत म्हणाला, "घरी चल. हौसाचं पोट वाढलंय."

"काय?"

"ओकाऱ्या काढते. जेवत नाय. आनि सोताच सांगते, पोट वाढलं म्हनून. आयेने तिला गोठ्यात ठेवलंय. शेजारी ऐकतील."

दादाला वाटलं मी शरमेने गप्प झाले. शरम नव्हती ती. जिला लुगडं नेसता येत नाही, जिला नवऱ्याचं तोंड आठवत नाही, तिला देवाने दिलं आणि मला नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. सासूला सांगितलं, आईचं दुखतंय. दादाच्या मागे चालू लागले. मला ते पोट बघायचं होतं. हात लावून बघायचं होतं.

गोठ्यात

हौसा गोठ्यात पेंढ्यावर कुशीवर पडली होती. तोंडात आईने पदराचा बोळा घातला होता. चुलीवर सुईणीने दिलेला काढा उकळत होता. कसला ते मी विचारलं नाही, वासावरून कळत होतं. आईचा चेहरा मी तसा पुन्हा कधी बघितला नाही. रडून रडून वाळला होता. मधूनच बोळा काढून ती एकच विचारत होती, "कुनाचं हाय? नाव सांग."

दादा माझ्या कानाशी म्हणाला, "नाव सांगितलं तिने. पहिलं माझं. मग तांब्याचं."

तांब्या आमचा बैल.

"मला बैलाच्या आधी घेतलं, हेच बरं समजायचं," दादा म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

सगळ्यांची नजर दुसरीकडेच होती. आई तिच्या तोंडाकडे बघत होती, दादा भिंतीकडे. पोटाकडे कुणी बघितलंच नव्हतं. सुईणीनेसुद्धा नाही, तिने बाहेरच्या बाहेर काढा दिला होता. लाजेला डोळे नसतात. मला लाज नव्हती, मला हेवा होता, आणि हेव्याला सगळं बघायचं असतं. मी लुगडं बाजूला केलं.

पोट सपाट. पण उजव्या कुशीला, खाली, लिंबाएवढी कडक गाठ. वरची कातडी तव्यासारखी तापलेली. मी बोट टेकवलं तशी हौसाने उजवा पाय पोटाशी ओढला आणि बोळ्यातून जनावरासारखी ओरडली.

मला आधी काय वाटलं ते लिहिते, कारण खोटं लिहायचं तर कशाला लिहायचं. मला बरं वाटलं. मूल असं एका कुशीला, तापलेलं आणि लिंबाएवढं नसतं. नऊ वर्षं मी दुसऱ्यांची पोटं बघत आले होते. मग लगेच भीती वाटली.

मी म्हटलं, "आये, यात पोर नाय. हे दुखनं हाय."

"ती सोता सांगते गं, पोट वाढलं."

"काढा फेक."

"आनि असलं पोर तर?"

"असलं तर मला द्या."

आई मग उठली आणि काढा उकिरड्यावर ओतून आली. दादाने गाडी जुंपली.

चौक गावावरून कर्जत फार लांब नाही, पण त्या रस्त्यावरचा एकेक दगड मला हौसाच्या ओरडण्यावरून कळला. स्टेशनात ह्यांनी मोठ्या इस्पितळाकडे जाणाऱ्या गाडीच्या गार्डाशी बोलून आम्हाला त्याच्या डब्यात बसवलं. ह्यांनी एवढंच विचारलं, "काय झालंय हिला?" मी म्हटलं, "ते डॉक्टरला विचारायला चाललो." दादा बैल घेऊन माघारी गेला.

इस्पितळातले दिवस

इस्पितळाचं नाव सांगत नाही. ते वाईट नव्हतं. फरशी रोज धुवायचे, कांजी गरम मिळायची. पहाटे झाडू, मग थर्मामीटर, मग डॉक्टरांची फेरी, मग ड्रेसिंगची ओरड. दोन दिवसांत माणूस त्या घड्याळाला लागतं. फक्त हौसाच्या खाटेपाशी ते घड्याळ थांबायचं. थर्मामीटर तिच्या शेजारच्या बाईला लागायचं आणि पुढच्या बाईला लागायचं. हौसा काच चावेल म्हणून तिला लावत नसत.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी तिला विचारलं, "काय होतंय?" ती म्हणाली, "पोट वाढलं." त्यांनी मला विचारलं, नवरा कुठे असतो. मी सांगितलं, टाकलेली आहे. त्यांनी नर्सकडे बघितलं. ती नजर आमच्या गोठ्यातलीच होती, फक्त धुतलेल्या कपड्यातली. नर्स आतून तपासायला गेली. हौसाला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिने लाथ मारली आणि चावली. मग हात बांधले. तेवढ्या झटापटीत दिवस गेलेले नाहीत एवढं त्यांना कळलं. दिवस नाहीत म्हणजे मग वेड, असं त्यांनी ठरवलं. ओकते का, तर वेडी आहे. ओरडते का, तर वेडी आहे. खात का नाही, त्यालाही तेच उत्तर.

शेजारची बाई कारकुनाची बायको होती. ती डॉक्टरांना सांगताना मी ऐकलं. "आधी बेंबीपाशी दुखलं, मग उजवीकडे सरकलं. चालताना पाय टाकवत नाही. ओकारी येते." डॉक्टर मान हलवत होते. तिच्या वाक्यावाक्याला त्यांची मान हलत होती. ते ऐकताना हौसाने गोठ्यात ओढलेला पाय मला आठवला. मी नर्सला म्हटलं, "आमच्या बहिनीचं बी तसंच हाय. उजवीकडं गाठ हाय."

नर्स म्हणाली, "दुसऱ्याचं ऐकून आजार सांगू नका, बाई."

ती कारकुनाची बायको वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. ती वाईट नव्हती. नवरा मोसंबी आणायचा, त्यातल्या फोडी ती हौसाला द्या म्हणायची. मी त्या हौसाच्या ओठाला लावायचे आणि मनात म्हणायचे, फोडी नको, तुझी दोन वाक्यं दे.

पाणी आणायला मला पडवीतून जावं लागे. तिथे चटईवर एक मोठा माणूस होता, डोंगरातल्या कुठल्याशा वाडीचा. गाडीत एकटा सापडला म्हणून रेल्वेच्या लोकांनी आणून टाकलेला. त्याला बोलता येत नव्हतं आणि समजही हौसासारखीच असावी. तो मुठीने स्वतःच्या कानावर मारायचा. झाडूवाला म्हणायचा, "खुळा हाय, सोतालाच मारतो." मी जाताना तो माझा पदर धरायचा. मी सोडवून पुढे जायचे. हौसाला पाणी हवं असायचं.

बांगडी

डॉक्टर घरी न्या म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. मी गाठोडं बांधायला घेतलं. दुसरं काय करणार. इतक्यात नर्सने शेजारच्या बाईचा हात वळवला, सुई टोचायला. हात गजावर आपटला आणि कट्ट आवाज झाला.

ती बाई म्हणाली, "अगंबाई, बांगडी वाढली."

हौसाने मान वळवली. पहिल्या दिवसानंतर ती आत्ताच न ओरडता बोलली. "तिची वाढली. माझं पन वाढलं. पोट."

मी गाठोडं खाली टाकलं.

आमच्याकडे सवाष्णीची बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. फुटणं, मोडणं हे शब्द अशुभ. लहानपणी एकदा आईची बांगडी फुटली आणि हौसा अंगणभर ओरडत नाचली, "आयेची बांगडी फुटली, फुटली." तेव्हा वडील होते. आजीने तिच्या तोंडावर मारलं. "फुटली नाय बोलायचं. वाढली बोलायचं." पुन्हा फुटली म्हणाली, पुन्हा मारलं. ओठातून रक्त आलं तेव्हा शिकली. शिकली ती कायमची. नंतर तिच्यासाठी मडकं वाढलं, काटकी वाढली, पायात काटा मोडला की पाय वाढला. आम्ही हसायचो आणि विसरायचो. आम्हीच तिला मारून तो शब्द दिला होता, आणि तिने तो आम्हाला परत केला तेव्हा आम्ही गोठ्याचं दार लावलं.

मी धावत डॉक्टरांकडे गेले. "डॉक्टर, ती वाढलं म्हनते म्हंजे..."

"बाई, तुम्हाला सांगितलं ना." त्यांनी मागे बघितलंही नाही.

मग मी हात उचलला आणि लोखंडी गजावर आपटला. हिरव्या बांगड्या होत्या, ह्यांनी साजगावच्या जत्रेतून आणलेल्या. सगळ्या खोलीत आवाज झाला. बायका उठून बसल्या. नवरा जिवंत असताना हाताने बांगड्या फोडणारी बाई त्यांनी बघितली नव्हती. मनगटातून रक्त आलं. डॉक्टर वळले.

मी ओरडून विचारलं, "हौसे, हे काय झालं गं?"

"वाढली," हौसा म्हणाली.

झाडूतली एक काडी ओढली आणि तिच्यासमोर मोडली. "आनि ही?"

"वाढली."

"तुझं पोट?"

"वाढलं."

तिचे हात मी सोडले. "कुठं? दाव."

तिने उजव्या कुशीवर, खाली, बोट ठेवलं.

डॉक्टर पुण्याकडचे होते. म्हणाले, "आमच्या घरीही असंच बोलतात. मग हे आधी सांगायचं नाही का?"

"आधी कळलं असतं तर सांगितलं असतं."

ते तिच्याजवळ आले तशी ती आखडली. मी म्हटलं, "हौसे, हे डॉक्टर वाढलेलं सांधतात."

"सांधनार?"

"सांधनार. हलू नको."

ती हलली नाही. डॉक्टरांनी दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. तिच्या डोळ्यांतून पाणी कानात गेलं, पण ती लाकडासारखी पडून राहिली. थर्मामीटर काखेत लावलं. काखेत लावता येतं हे त्यांना माहीत होतंच, पण कुणाला सुचलं नव्हतं. पारा बघितल्यावर डॉक्टरांनी नर्सला हळू आवाजात काही सांगितलं आणि नर्स चालत नाही, पळत गेली.

तिला स्ट्रेचरवरून पडवीतून नेलं. चटईवरचा तो माणूस उठून बसला. कानावरची मूठ थांबली. त्याने आधी हौसाकडे बघितलं, मग तिचा हात धरून चाललेल्या माझ्याकडे. ती नजर मी लगेच ओळखली. आयुष्यभर मी तीच नजर घेऊन फिरले होते.

नंतरचं

आतडं सुजून तिथे पू साठला होता. वाटीभर निघाला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं थांबला असतात तर आत फुटला असता. थांबलो कुणामुळे, ते मी विचारलं नाही. तिला अजून त्यांच्याच हाताखाली राहायचं होतं.

कारकुनाची बायको लवकरच चालत घरी गेली. जाताना तिने हौसाच्या हातात दोन काचेच्या बांगड्या भरल्या. दोघींचं दुखणं एकच होतं. तिचं वेळेवर कापलं, म्हणून तिची जखम शिवली. हौसाची उघडी ठेवावी लागली. रोज पट्टी बदलायची, रोज ती विचारायची, "सांधलं?" मी म्हणायचे, "सांधतंय." असे कितीतरी आठवडे गेले.

आई आली आणि खाटेवर बसून हौसाच्या केसांतून बोटं फिरवू लागली. मला म्हणाली, "नवरा असताना हाताने बांगड्या वाढवल्यास?" माझ्या मनगटाला पट्टी होती. ती तिने बघितली, त्याबद्दल काही बोलली नाही. हौसाचं पांघरूण मात्र तीनदा नीट केलं. मी पाणी आणायला उठले. हे भेटायला आले तेव्हा माझा रिकामा हात बघून म्हणाले, "मी हाय की अजून." आणि पुढच्या जत्रेला नव्या आणल्या.

ज्यांच्या घरात हौसासारखं मोठं माणूस आहे त्यांना सांगते. तो धड असताना त्याचे शब्द शिकून घ्या. दुखलं तर तो काय म्हणतो, भूक लागली तर काय म्हणतो, भीती वाटली तर काय करतो. डॉक्टरकडे नेताना त्याच्यासोबत शब्द कळणारं माणूस पाठवा, नुसतं बळकट माणूस नको. डॉक्टर म्हणाले की हे खुळामुळे आहे, तर विचारा, शहाण्याने हेच सांगितलं असतं तर तुम्ही काय तपासलं असतं? आणि तपासायच्या आधी त्याला सांगा. त्याला कळत नाही असं समजू नका. हौसाला एका शब्दात कळलं.

मला मूल झालं नाही. आई गेल्यावर मी हौसाला दहिवलीत आणलं. लोक म्हणाले, गंगूने पुण्य केलं. पुण्य कसलं. आईला ती होती आणि मला कुणी नव्हतं, म्हणून आणली. आता तिच्या केसांतून बोटं मी फिरवते. परवा माझं गुडघ्याचं दुखणं बघून तिने विचारलं, "वाढला?" मी म्हटलं, "हो गं, वाढला." मग तिने त्याला तेल लावलं, कुणी न सांगता.

पडवीतल्या माणसाची चटई हौसाला नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी रिकामी होती. मी झाडूवाल्याला विचारलं. तो म्हणाला, गेला. कशाने गेला, ते त्याला माहीत नव्हतं आणि त्याचा कान कुणी बघितलाही नव्हता.

कारकुनाची बायको जगली. हौसा जगली.